जवाईबापूंनी बसवलेले सेन्सर

आधीच हात जोडतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे नववीपर्यंत मला कळलं नाही, आणि दहावीच्या गुरुजींवर ती वेळच आली नाही, कारण दहावीत मी गेलोच नाही. शब्दही साधे आहेत. गॅरेजमध्ये भारी शब्द वापरून नट सैल होत नाही, त्यामुळे ती सवय लागली नाही. चुका दिसल्या तर वाचणाऱ्यांनी आपल्या मनात दुरुस्त करून घ्याव्यात.

ज्याची ही गोष्ट आहे त्याला आपण आदेश म्हणू. (‘मी’ म्हणून लिहून पाहिलं होतं. दोन ओळींतच कान गरम झाले. आदेश म्हटलं की लाजायला आपल्या जागी दुसरा माणूस मिळतो.)

तर आदेशचं सेलूला गॅरेज आहे. ट्रॅक्टर, विहिरीवरचं डिझेल इंजिन, कधी एखादी मोटारसायकल, एवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं. वडनेरच्या मयुरीशी लग्न होऊन त्याला वर्ष होत आलं होतं, आणि या वर्षात सासुरवाडीला तो ‘हो’, ‘नाही’ आणि ‘पुरे’ या शब्दांवर निभावून नेत होता. (‘पुरे’ हा जेवतानाचा शब्द. तो कुणी ऐकत नाही.)

त्याचे सासरे भैयाजी वांगी आणि सांभार (म्हणजे कोथिंबीर) पिकवून हिंगणघाटच्या बाजारात पाठवणारे. माणूस सरळ, पण लग्नाच्या वेळी त्यांनी स्पष्ट विचारलं होतं, “पोरगी बी. ए. अन् पोरगा नववी? कसं जमन?” मयुरीनं जमवलं. पण तेव्हापासून भैयाजींनी जावयाला मान सगळा दिला आणि बोलणं काही दिलं नाही. आदेश आला की खुर्ची यायची, पंखा त्याच्याकडे वळायचा, चहा यायचा. आणि भैयाजी मात्र, “बसा जवाईबापू,” एवढं म्हणून वाडीत निघून जायचे. दुपारी वांग्यांशी जास्त बोलत असतील.

मे महिन्यात मयुरीचा भाऊ प्रफुल्ल याचं लग्न निघालं. प्रफुल्ल पुण्याला कंपनीत. तिथे त्यानं एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. लालभडक, दोन दारांची, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की आत बसायचं तर आधी देवळात शिरल्यासारखं वाकायचं आणि मग पंगतीत बसल्यासारखं खाली बसायचं. साखरपुड्यात मुलीचे मोठे काका अण्णाजी म्हणाले होते, “आमच्याकडे नवरदेव घोडीवर येते.” प्रफुल्ल म्हणाला, “मी स्पोर्ट्स कारनं येतो.” त्यावर अण्णाजींनी मिशीवरून हात फिरवला. “या नं. पण वेळेवर या. आमच्याकडे मुहूर्त चुकत नाई.”

झालं. त्या दिवसापासून अख्ख्या घराचं नाक त्या गाडीच्या बोनेटवर बसलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी प्रफुल्लनं गाडी गावात फिरवून आणली. दारात येता येता ती खोकली, मागून काळा धूर सोडला आणि निंबाच्या झाडाखाली बंद पडली. पाहुण्यांनी कडं केलं.

“काऊन बंद पडली बे?” भैयाजींनी विचारलं.

“तापली की बंद पडते बाबा. गार झाली की चालू होते.”

“माणसाचं उलटं राह्यते.”

आदेश ओसरीवर खुर्चीत बसला होता. इतके लोक आणि आपण गप्प, बरं दिसत नाही, असं त्याला वाटलं. आणि त्यानं आयुष्यात करू नये ती गोष्ट केली. तो आपणहून बोलला.

“सेन्सर असेल.”

सगळे वळून त्याच्याकडे बघू लागले. खुर्चीच बोलल्यासारखं वाटलं असावं.

“अरे, पुण्याचा मेकॅनिकही हेच म्हणे!” प्रफुल्ल ओरडला. “दोन सेन्सर बदलायचे म्हणे. नवे त्यानं घेऊनही देल्ले, डिक्कीतच पडले आहेत. मले टाइमच नाई भेटला. भाऊजी, तुम्ही नुसत्या आवाजावरून ओळखलं?”

आदेशनं मान हलवली. (ती ‘नाही’ची होती. पण खुर्चीत रेलून हलवली की ‘हो’सारखी दिसते.)

भैयाजींनी जावयाकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा नीट पाहिलं. मग शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “कोणाले बोलवाचं काम नाई. आमचे जवाई करतीन.”

मयुरी दारात उभी होती. दोन्ही हात मेंदीनं भरलेले. लोक पांगल्यावर ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, “अहो, येते नं तुम्हाले?”

“ट्रॅक्टरचं येते.”

“ट्रॅक्टरले सेन्सर राह्यते?”

“जुन्याले नाही राहत. मालक बोनेटवर हात ठेवते अन् तापला म्हणते.”

मयुरीनं बाबा गेले त्या दिशेला पाहिलं. मग म्हणाली, “बाबा आज पहिल्यांदा ‘आमचे’ म्हणाले. सांभाळजा.”

आता गाडी बाजूलाच राहिली. त्या एका ‘आमचे’ शब्दाचं इंजिन बंद पडू द्यायचं नव्हतं.

काम तसं अवघड नव्हतं. मोबाइलवर असले व्हिडिओ त्यानं पुष्कळ पाहिले होते. दोन सेन्सर. एक इंजिनचा ताप बघणारा, पितळेचा, अंगठ्याएवढा. दुसरा धूर हुंगणारा. सायलेन्सरच्या नळीवर बसलेला, शेपटीसारखी वायर असलेला. ताप बघणारा बिघडला की तो तापलेल्या इंजिनालाही गारच सांगत राहतो. मग इंजिन पेट्रोल पीत सुटतं, पंखा काही फिरत नाही आणि शेवटी गुदमरून बंद पडतं.

अवघड होतं ते वेगळंच. जावयाला काम सांगायचं नसतं.

“जवाईले लग्नघरी कामाले लावलं तं लोक काय म्हणतीन!” सासूबाई कुंताबाईंनी डोक्याला हात लावला. शेवटी तडजोड निघाली. काम करू द्यायचं, पण मानानं. बोनेटजवळ गादीची खुर्ची मांडली. गळ्यात नवा टॉवेल घातला. तो गाडीखाली जाऊ लागला तर खाली गादी आली आणि गादीवर फुलाफुलांची चादर. अशा चादरीवर झोपून सायलेन्सरजवळचा सेन्सर खोलणारा मेकॅनिक वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नसावा. वरून कुणीतरी विचारत होतं, “जवाईबापू, तिथंच देऊ का चहा?”

इंजिन गार झालं होतं. धूरवाला निघाला. पितळी मात्र हट्टाला पेटला. आदेशनं पाना लावला, पाना सटकला आणि त्याचा दात बसून पितळेवर एक खोल चरा उमटला. जाऊ दे, म्हटलं, जुनाच तर आहे. दोन्ही निघाले तेव्हा काजळीनं, तेलानं असे काळे झाले होते की पितळ कोणतं आणि लोखंड कोणतं ते कळू नये.

“एखादं भांडं द्या ठेवायला,” तो म्हणाला.

जावई भांडं मागतो म्हटल्यावर कुंताबाईंनी पेटीतून पितळेची परात काढली. जुने सेन्सर परातीत पडले. नव्या सेन्सरचे डबे ओसरीवर होते. एवढ्यात हाक आली, “जवाईबापू, पानं वाढली!”

“हे बसवून येतो...”

“रस काळा पडन. चला.”

मे महिन्यातलं सासुरवाडीचं जेवण म्हणजे आमरस. आदेश ‘पुरे’ म्हणत होता आणि वाटी भरत होती. त्यानं वाटीवर हात ठेवला तर साळ्यांनी, म्हणजे मयुरीच्या बहिणींनी, हात उचलून वाढलं. शेवटी तो उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांवर झापड आणि पोटात आंबराई होती.

तो जेवत असताना काय झालं ते त्याला नंतर कळलं. पण आपण आताच सांगून टाकू, म्हणजे गोंधळ एकट्या आदेशचाच राहील.

कुंताबाईंनी नव्या सेन्सरचे डबे उघडले. नवी वस्तू, तीही लग्नाच्या गाडीची, तशीच कशी लावायची? त्यांनी दोन्ही सेन्सर काढले, देवापुढे ठेवले, तेलाचं बोट फिरवलं, हळद लावली, कुंकू लावलं आणि तबकात ओसरीवर आणून ठेवले. रिकामे डबे चुलीत गेले.

तिकडे हापशीवर मयुरीच्या मोठ्याई सीताबाई बसल्या होत्या. भैयाजींची ही वडील भावजय. लग्नाची पितळी भांडी घासायचं काम त्यांच्याकडे होतं आणि सीताबाईंच्या हातात एकदा भांडं आलं की त्याची कल्हईसुद्धा घाबरते. पितळ दिसलं म्हणून कुणीतरी परातही त्यांच्यासमोर आणून ठेवली. परातीत दोन काळेकुट्ट तुकडे. “काय हे, जवाईच्या वस्तू अन् अशा?” असं म्हणून त्यांनी चिंच घेतली, राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि दोन्ही सेन्सर परातीसकट असे घासले, शेपटीची वायरही पुसून काढली, की ऊन त्यांच्यावर पडून भिंतीवर नाचायला लागलं.

आदेश बाहेर आला तेव्हा त्याच्यासमोर दोन भांडी होती. हापशीवरून परत आलेल्या परातीत लखलखीत सेन्सर. तबकात तेलकट, पिवळे, लाल डाग पडलेले सेन्सर.

जागा माणूस असता तरी फसला असता. आदेश तर रसात होता. त्याला सासूबाईंचं कौतुकच वाटलं. जुन्या सेन्सरचीसुद्धा पूजा करून निरोप देतात! त्यानं परातीतले उचलले आणि तबकाकडे बोट दाखवून म्हणाला, “हे जुने टाकून द्या.”

कुंताबाईंचं तोंड उघडलं. “जुने?”

“हो.”

त्यांचं तोंड मिटलं. डबे त्यांनीच फोडले होते. पण जावयाचा शब्द खाली पाडायचा नसतो. “बरं,” त्या म्हणाल्या.

आणि आदेशनं विचारलं नाही की ‘जुने?’ असं का विचारलं. सासूशी जास्त बोलायचं म्हणजे त्याला अवघड जायचं.

सेन्सर बसले, पाणी भरलं, प्रफुल्लनं चावी फिरवली. गाडी गुरगुरली आणि झकास चालू झाली. (गारच होती ना. गार असताना ती सकाळीही चालू होत होती. पण हे आनंदात कुणाला आठवतं?) आदेशच्या मनात आलं, थोडी तापू द्यावी, मग बघावं. तो म्हणणारच होता. तेवढ्यात भैयाजी म्हणाले, “बंद कर, पेट्रोल जळते,” आणि त्यांनी स्वतःच्या हातानं आदेशच्या खांद्यावर दुपट्टा टाकला, डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोक्यावर टोपी असलेल्या माणसाला ‘अजून बघू’ म्हणता येत नाही.

“गाडी जवाईच चालवतीन,” भैयाजींनी जाहीर केलं.

हिंगणघाटपर्यंत हायवेवर वाऱ्यानं सांभाळून घेतलं. गाडीच्या मागून मात्र काळा धूर निघत होता. मागच्या ट्रॅव्हल्समधल्या सगळ्या वऱ्हाड्यांना तो दिसला. पण जवाईबापूंनी दुरुस्त केलेली गाडी, म्हणजे धूर निघायचाच असेल, असं समजून एकानंही फोन केला नाही.

हिंगणघाटला हनुमान मंदिरात नवरदेवानं दर्शन घेतलं आणि परण्या निघाला. आमच्याकडे नवरदेवाच्या मिरवणुकीला परण्या म्हणतात. पुढे डीजे, मागे नाचणारी पोरं, त्यांच्या मागे लाल गाडी. गाडीला झेंडूच्या माळा, समोर लिंबू-मिरची. आत फेटा बांधलेला प्रफुल्ल आणि टोपी घातलेला आदेश. मुहूर्त गोरजाचा. सूर्य खाली चालला होता आणि पोरं जागची हलत नव्हती.

“भाऊजी, वास कशाचा येऊन राह्यला?” प्रफुल्लनं विचारलं.

आदेशलाही येत होता. पेट्रोलचा होताच. पण त्यात आणखी एक वास होता. तो त्याच्या ओळखीचा होता, आणि गाडीत यायचं काही कारण नव्हतं. तापलेल्या चिंचेचा.

तापाचा काटा (त्याचा सेन्सर वेगळा असतो, तो खरं सांगत होता) वर चढत होता. पंखा फिरत नव्हता. आदेशनं स्टीअरिंग असं धरलं होतं जसं काही बुडणारा माणूस म्हशीचं शिंग धरतो. मंडपाची फुग्यांची कमान दिसायला लागली. कमानीखाली अण्णाजी नारळ घेऊन उभे होते आणि घड्याळ बघत होते.

गाडी खोकली. एकदा. दोनदा. मग काळा धूर सोडून बंद पडली.

डीजेवाल्याला वाटलं, नाच रंगला. त्यानं आवाज वाढवला.

आदेश उतरला. बोनेट उघडलं. आत सगळं काळं, आणि मधोमध तो पितळी सेन्सर देव्हाऱ्यातल्या घंटेसारखा चमकत होता. आदेश वाकला. सेन्सरवर एक खोल चरा होता. पान्याच्या दाताचा. त्याच्याच हातचा.

दुपारी परातीतून उचलून बसवला तो जुनाच होता.

भैयाजी आले. “काय झालं जवाईबापू?”

आदेशनं त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कुंताबाईंकडे पाहिलं. (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी आणि सासूबाईंना मामीजी म्हणतात.) “मामीजी... ते... हळदीचे...”

“ते?” कुंताबाईंनी बोट केलं. “ते तं समोर बांधले नं मी. पूजा केलेली वस्तू फेकाची कशी? लिंबू-मिरचीसंगं बांधून टाकले, नजर लागाले नको.”

सगळ्यांनी वाकून पाहिलं. गाडीच्या नाकाला काळ्या दोऱ्यात एक लिंबू, सात मिरच्या आणि दोन नवे कोरे सेन्सर लटकत होते. पुण्याहून आलेले, डिक्कीत राहिलेले आणि आता सबंध हिंगणघाटला नजरेपासून वाचवणारे.

“डब्ब्यातून तं मीच काढले व्हते,” कुंताबाई पुढे म्हणाल्या. “पण जवाईबापू म्हणे जुने. मी म्हटलं, जवाईबापू म्हणतात तं असतीन जुने.”

“आई!” प्रफुल्ल खिडकीतून ओरडला. “काय घोळ करून ठेवला तू! आता काय करू मी?”

भैयाजींचा चेहरा तांबडा झाला. ते बायकोकडे वळले. “तुले कोणी सांगतलं व्हतं नसते धंदे कराले? वर्धेपर्यंत हसू होईन आता!”

कुंताबाईंनी पदर तोंडाला लावला. गर्दीत मयुरी होती. ती आईकडे बघत होती आणि मग नवऱ्याकडे बघू लागली.

गप्प बसणं आदेशला चांगलं जमत होतं. आता नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी सगळं आपोआप सासूबाईंवर गेलं असतं, आणि दुपट्टा खांद्यावर राहिला असता.

“मामाजी,” तो म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, कारण नेमका तेव्हाच डीजे थांबला होता. “चूक माझी आहे. मामीजींनी मला विचारलं होतं. मीच नीट पाहिलं नाही. मला वाटलं चमकते तेच नवं. मी ट्रॅक्टरचा मेकॅनिक आहे. अशी गाडी मी आज पहिल्यांदाच खोलली.”

इतकं तो एका दमात कधीच बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याला धाप लागली.

भैयाजींनी बायकोकडे पाहिलं. कमानीखालून अण्णाजींचा आवाज आला, “येता का घोडी पाठवू?”

नवा सेन्सर आता बसवता येत नव्हता. तापलेल्या इंजिनातून जुना काढला असता तर उकळतं पाणी नवरदेवाच्या फेट्यापर्यंत उडालं असतं. पण आदेशला एक सुचलं. ताप सांगणाराच खोटं बोलत असेल, तर निदान त्याला गप्प बसवावं. त्यानं सेन्सरची पिन ओढून काढली. चावी फिरवली तशी पंख्यानं एकदम भोंगा वाजवल्यासारखा आवाज केला आणि फिरायला लागला. इंजिन मात्र पेट्रोल पिऊन पडलं होतं. ते उठेना.

“धक्का मारा!” आदेश ओरडला. हे मात्र ट्रॅक्टरचं ज्ञान होतं.

नाचणाऱ्या पोरांनी मागून हात लावले. भैयाजींनी धोतर खोचलं आणि तेही लागले. डीजेवाल्यानं पुन्हा गाणं सुरू केलं. गाडी हलली, पळायला लागली, आदेशनं दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. गाडीनं एक गचका दिला आणि वाघासारखी डरकाळी फोडून सुटली.

कमान जवळ आली. अण्णाजींनी नारळ पुढे केला. नवरीच्या आईनं आरतीचं ताट उचललं.

आणि गाडी त्यांच्यासमोरून सरळ निघून गेली.

“भाऊजी! भाऊजी, मंडप मागं राह्यला!”

“थांबवली तर परत चालू होणार नाही!”

“पण माह्यं लग्न आहे नं तिथं!”

मागे कुणीतरी किंचाळलं, “नवरदेव पळाला वो!” त्यामागे, “जवाईनं पळवला!” असंही ऐकू आलं. आदेशनं चौकातून गाडी वळवली. भाजीवाल्या बाया हातगाड्या ओढून बाजूला झाल्या. आदेशचे कान इंजिनावर होते आणि प्रफुल्ल दोन्ही हातांनी फेटा धरून पुटपुटत होता. मंत्र होते की शिव्या, ते कळलं नाही. पंखा घोंघावत राहिला. काटा हळूहळू खाली आला. धूर कमी झाला. दुसऱ्यांदा कमान आली तेव्हा आदेशनं श्वास रोखून ब्रेक दाबला.

गाडी थांबली. इंजिन चालूच राहिलं.

प्रफुल्ल दार उघडून वाकत, रांगत बाहेर पडला आणि अण्णाजींच्या हातातला नारळ घेऊन पळतच मंडपात शिरला. अंतरपाट धरलेलाच होता. अण्णाजी म्हणाले, “वेळेवर आले. एक डाव पुढं गेले, पण वेळेवर आले.”

आदेश मात्र उतरला नाही. बंद पडली तर नवरीला घेऊन जायचं कसं? तो गाडीतच बसून राहिला, पाय ॲक्सिलेटरवर ठेवून. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मयुरी मूठभर अक्षता घेऊन आली आणि त्यानं त्या खिडकीतून टाकल्या. मंडपाच्या दिशेनं टाकल्या होत्या. अर्ध्या डीजेवाल्यावर पडल्या.

“बाबा काही म्हणाले?” त्यानं विचारलं.

“नाई.”

“काहीच नाही?”

“आईले म्हणाले, चुकलं माह्यं.” मयुरी खिडकीवर हात ठेवून उभी राहिली. मेंदी चांगली रंगली होती. “तुमचं नाव नाई काढलं.”

आदेशनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडनेरला सगळे झोपलेले असताना तो उठला. निंबाखाली गाडी गार उभी होती. त्यानं काळा दोरा कापला, लिंबू आणि मिरच्या बाजूला ठेवल्या आणि नवे सेन्सर बसवले. हळद पुसली नाही. पुसायची हिंमत झाली नाही. मग गाडी चालू केली आणि तापू दिली. काटा मधोमध येऊन थांबला, पंखा आपल्या आपण फिरला, थांबला, परत फिरला. धूर नाही, खोकला नाही. तो कान देऊन ऐकत राहिला.

कुंताबाई चहा घेऊन ओसरीवर आल्या. त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला, सेन्सरची हळद पाहिली आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं, “पाह्यलं? पूजेचेच चालले शेवटी!”

मागोमाग भैयाजी आले. आदेश सवयीनं खुर्ची शोधायला लागला. खुर्ची नव्हती. गादी नव्हती, टॉवेल नव्हता. भैयाजी त्याच्या शेजारी येऊन इंजिनात डोकावले.

“आता नाई पडत बंद?”

“नाही पडणार.”

“हं.” त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. जोरात. “तं मंग आदेश, इथं काऊन उभा हायस बे? लग्नाची भांडी पडली तिकडं हापशीवर. जाय, मोठ्याईले हातभार लाव.”

जवाईबापू नव्हे. आदेश. आणि ‘बे’, प्रफुल्लला म्हणतात तसं. चहासुद्धा भैयाजींनीच पिऊन टाकला.

त्या सकाळी आदेश हापशीवर उकिडवा बसून पितळी घंगाळ घासत होता. हाताला चिंच, पायाला राख, आणि मनातून असा खूश की दोनदा घंगाळ पायावर पाडून घेतलं. मयुरी ओसरीतून बघून हसत होती. घासून झाल्यावर त्यानं घंगाळ सीताबाईंपुढे धरलं. त्यांनी ते उन्हात फिरवून पाहिलं आणि परत त्याच्या मांडीवर ठेवलं.

“हे काय घासणं झालं बापू?” त्या म्हणाल्या. “असं घासा की जुनं कोणतं अन् नवं कोणतं, हे एखाद्या मेकॅनिकलेही ओळखू नाई आलं पायजे.”